अक्षर गिरवायचं ॲप: राजारामपुरीतून प्ले स्टोअरपर्यंत

कोल्हापुरात राजारामपुरीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि चार माणसं: एक प्रोग्रॅमर, एक चित्रकार, आवाज आणि ॲनिमेशन बघणारी एक जण, आणि टेस्टिंगपासून जीएसटीपर्यंत उरलेलं सगळं अंगावर घेणारा एक जण. एवढ्या बळावर मोबाइल गेम आणि लहान मुलांची ॲप्स बनवायचं काम कसं चालतं, ते इथे एकाच उदाहरणावर लिहितो आहोत. उदाहरण आहे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मराठी अक्षरं गिरवायच्या ॲपचं. बाहेरून बघणाऱ्याला यात फारसं काही वाटत नाही: बावन्न अक्षरं, बावन्न चित्रं, झालं. प्रत्यक्षात अक्षर पडद्यावर मराठी वळणाचं दिसणं, कानाला मराठी ऐकू येणं आणि चार वर्षांच्या बोटाखाली नीट उमटणं, या तीन गोष्टींतच आठ महिन्यांपैकी पाच जातात. तिथे काटकसर केली तर ॲप बंद पडत नाही, चालतंच. पण ते हिंदी ॲपवर मराठी पाटी लावल्यासारखं होतं.

वेळापत्रक शाळेवरून ठरतं. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, म्हणून ॲप मेअखेर स्टोअरवर हवं. तिथून मागे मोजत आलं की काम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू करावं लागतं. रेकॉर्डिंग डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा पंखा बंद ठेवून माणूस तासभर माइकसमोर बसू शकतो. एप्रिलमध्ये पंख्याशिवाय बसवत नाही आणि पंख्याची घरघर प्रत्येक क्लिपमध्ये शिरते. गणपतीच्या दिवसांत तर रेकॉर्डिंगचं नावच काढू नये.

अक्षर दिसण्याबद्दल

वर्णमाला कोणती घ्यायची, इथून सुरुवात होते. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली आणि २०२२ मध्ये तो निर्णय सुधारून काढला. १४ स्वर, अनुस्वार आणि विसर्ग हे २ स्वरादी, ३४ व्यंजनं, क्ष आणि ज्ञ ही २ विशेष संयुक्त व्यंजनं, असे ५२ वर्ण. ॲ आणि ऑ त्यात आहेत. बाजारातल्या कितीतरी तक्त्यांवर ते नाहीत आणि ळ भलतीकडेच असतो. शाळेतल्या बाई ॲप उघडल्यावर पहिल्यांदा हेच बघतात, म्हणून यादी कागदावर पक्की केल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिकवायचा क्रम मात्र वर्णमालेचा ठेवत नाही. गमभन हा जुना क्रम हाताच्या वळणावरून आलेला आहे आणि गिरवण्यासाठी तोच सोयीचा पडतो. ॲपमध्ये दोन्ही क्रम ठेवतो. सुरुवात गमभनने होते.

मग फॉन्ट. मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं. अनेक चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मराठी वळण तेव्हाच उमटतं जेव्हा मजकुराची भाषा मराठी आहे असं इंजिनला सांगितलेलं असतं. आम्ही वापरतो त्या गोडो या गेम इंजिनमध्ये प्रत्येक लेबलला भाषेचा रकाना आहे. तिथे मराठीचा संकेत भरायचा. तो रिकामा राहिला की संगणकाच्या भाषेनुसार वळण बदलतं. आमच्या मशीनवर ल मराठी दिसतो आणि इंग्रजी ठेवलेल्या फोनवर हिंदी, असा घोळ त्यातूनच होतो. मुक्त, बलू २ आणि नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, ॲपमध्ये घालायला पैसे लागत नाहीत. परवान्याची फाइल सोबत ठेवायची, एवढंच.

इंजिन निवडताना आमच्यासारख्यांचा पहिला प्रश्न हाच असावा: हे इंजिन देवनागरी जोडतं का? ‘किल्ला’ लिहिताना साठवणीत आधी क येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या डावीकडे जायला हवी आणि दोन ल एकमेकांत मिसळायला हवेत. हे काम करणारा भाग इंजिनात नसेल तर वेलांटी उजवीकडे लटकते आणि ल चा पाय मोडलेला दिसतो. युनिटीतलं नेहमीचं टेक्स्ट-मेश-प्रो हे जोडकाम करत नाही. तिथे वेगळं प्लगइन घ्यावं लागतं किंवा शब्दांची चित्रं करून लावावी लागतात. गोडो ४ मध्ये हे जोडकाम करणारा हार्फबझ आतच आहे, त्यामुळे जोडाक्षरं आपोआप बरोबर येतात. यात एक खड्डा आहे. ॲपचा आकार कमी करायला काही जण एक्स्पोर्ट टेम्प्लेट, म्हणजे ॲपसोबत फोनवर जाणारा इंजिनचा साचा, स्वतः बांधतात आणि त्यात मजकूर उमटवणारा साधा, हलका भाग (टेक्स्ट सर्व्हर) निवडतात. दोन-चार एमबी वाचतात आणि सगळी जोडाक्षरं तुटतात. संगणकावर गोडोच्या एडिटरमध्ये मात्र सगळं ठीक दिसत राहतं. चूक फक्त फोनवर दिसते.

टायपिंगच्या चुका याहून चिवट. ‘ॲ’ चा युनिकोड यू+०९७२. तो न सापडल्याने लोक हिंदीचा ‘ऍ’ टाकतात किंवा अ वर चंद्र चिकटवतात. डोळ्याला जवळपास सारखं, पण शब्दावरून आवाजाची फाइल शोधताना प्रोग्रॅमला ते वेगळे शब्द वाटतात आणि ॲप गप्प राहतं. तसंच ‘दुसऱ्या’ चं. त्यातला र साधा टाकला की शब्द ‘दुसर्या’ होतो, वर रफार चढतो. इथे नुक्त्याचा ऱ, म्हणजे यू+०९३१, टाकावा लागतो. सगळ्या शब्दांची एकच तक्ता-फाइल ठेवून तिच्यावर या दोन चुका शोधणारी छोटी स्क्रिप्ट रोज रात्री चालवतो.

शब्द तोडून दाखवायचा असेल, उदाहरणार्थ ‘किल्ला’ चे दोन ठोकळे, तर इंजिनच्या तोडणीवर विसंबू नये. प्रोग्रॅममध्ये एकेक संकेत मोजत गेलं तर वेलांटी आणि काना सुटे पडतात. अक्षरसमूहांची तोडणी वापरली तरी जुन्या नियमांत ‘ल्’ आणि ‘ला’ वेगळे होतात. जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला आणि तो तुमच्या इंजिनात पोचला आहे की नाही हे फोनगणिक तपासत बसण्यापेक्षा तक्त्यातच ‘कि|ल्ला’ अशी उभी रेघ हाताने घातलेली बरी. तीनेकशे शब्दांना एक दुपार लागते.

ऐकू येण्याबद्दल

च, ज, झ या तीन अक्षरांना मराठीत दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते वेगळे दाखवायची सोय नाही. चाक, चमचा यातला च दातांजवळचा, चिमणी आणि चहा यातला टाळूजवळचा. झाड आणि झेंडा तसेच. ‘जहाज’ मध्ये तर पहिला ज एक आणि शेवटचा दुसरा. म्हणून या अक्षरांना दोन-दोन चित्रं देतो: च ला चाक आणि चिमणी. एकच चित्र ठेवलं तर मूल दुसरा उच्चार चुकीचा समजतं आणि घरी आजीला दुरुस्त करायला लागतं.

ङ, ञ यांनी सुरू होणारे रोजचे शब्द नाहीत. ण आणि ळ साठी शेवटचं अक्षर धरतो: ‘बाण’ मधला ण, ‘बाळ’ मधला ळ. निवेदनाचं वाक्यच बदलतं. ‘क कमळाचा’ म्हणता येतं, ‘ण बाणातला’ म्हणावं लागतं. ज्ञ चा उच्चार मराठीत ‘द्न्य’ आणि ऋ चा ‘रु’ च्या जवळचा. हिंदीत वाढलेला आवाज घेतला की ‘ग्यान’ आणि ‘रिषी’ होतं. मशीनचा आवाज एकेका सुट्या अक्षरासाठी वापरूच नये. वाक्य तो बऱ्यापैकी बोलतो, पण सुटा ‘ख’ म्हणताना शेवटचा अ कधी गिळतो, कधी लांबवून ‘खा’ करतो.

बोलीचा प्रश्न येतोच. कोल्हापूरचं मूल ‘ये की’, ‘बघ की’ ऐकत वाढतं. अक्षर आणि शब्दांचे उच्चार आम्ही प्रमाण ठेवतो, पण सूचना आणि कौतुक घरगुती ठेवतो: ‘गिरव बघू’, ‘अगदी बरोबर’, ‘लई भारी’. सूचना तू-करूनच. ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य चार वर्षांच्या मुलाला कुणीही म्हणत नाही, ॲपनेही म्हणू नये. ‘चूक’ हा शब्द पूर्ण ॲपमध्ये कुठेही नाही. रेघ सुटली तर ‘परत एकदा बघू या’.

च, ज, झ चे दुसरे उच्चार सोडले तर हिशेब असा: ५२ अक्षरांचे प्रत्येकी ३ आवाज, म्हणजे सुटं अक्षर, शब्द आणि ‘क कमळाचा’ सारखं वाक्य, मिळून १५६. सूचना ४०, कौतुक २०. एकूण २१६ क्लिप. प्रत्येकीचे तीन टेक. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. स्टुडिओ भाड्याने घ्यायची गरज पडत नाही. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर माइक, मागे दोन्ही बाजूंना दोरीवर जाड वाकळा, आणि वेळ पहाटे साडेपाच ते साडेसात, रस्ता जागा व्हायच्या आत. दोन तासांपेक्षा जास्त बसवू नये. तिसऱ्या तासाला आवाजातला हसरेपणा जातो आणि मुलांना तो लगेच कळतो.

आवाजाची पातळी उणे १६ लफ्सवर आणतो (लफ्स म्हणजे आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक). इथे नवख्यांची हमखास चूक होते: लफ्स मोजणारं साधन ४०० मिलिसेकंदांचे तुकडे घेऊन मोजतं, म्हणून ‘क’ सारख्या त्याहून छोट्या क्लिपला ते मोजमापच देत नाही किंवा भलतंच देतं. मग काही अक्षरं ओरडल्यासारखी आणि काही पुटपुटल्यासारखी येतात. उपाय सोपा आहे. सगळी सुटी अक्षरं एका लांब फाइलमध्ये जोडायची, पातळी एकदाच लावायची, मग कापायची. कापताना सुरुवातीला ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त शांतता ठेवायची नाही, कारण स्वस्त फोन आवाज आधीच उशिरा सोडतात. त्यात आपली शांतता मिळाली की मूल दुसऱ्यांदा बोट मारतं. ऑग व्हॉर्बिस या ध्वनी-फॉरमॅटमध्ये ६४ केबीपीएसला २१६ क्लिप, सरासरी दोन सेकंदांच्या, साधारण साडेतीन एमबीत बसतात.

बोटाखाली उमटण्याबद्दल

फॉन्टमधलं अक्षर गिरवायला उपयोगाचं नाही, कारण फॉन्टमध्ये अक्षराची बाह्यरेषा असते आणि हाताला मधली वाट हवी असते. त्यामुळे ५२ अक्षरांच्या मधल्या वाटा हाताने आखाव्या लागतात. आधी वळण, मग दंड, शेवटी शिरोरेषा, हा शाळेतला क्रम. ग च्या तीन वाटा: डावीकडचं वळण, दंड, शिरोरेषा. एका अक्षराला वीस मिनिटं ते एक तास.

गोडोत प्रत्येक वाट एक वक्ररेषा असते आणि बोट कुठे आहे ते कळलं की रेषेवरची सर्वांत जवळची जागा मिळते. पहिल्या झटक्यात सगळेच असं लिहितात: जवळची जागा शोध, तिथपर्यंत रंग भर. ग ला, न ला हे चालतं. ळ ला फसतं. ळ मध्ये रेषा स्वतःला भेटते. बोट पहिल्या गोलाच्या तळाशी असताना जवळची जागा दुसऱ्या गोलावर सापडते आणि अर्धं अक्षर न गिरवताच रंगतं. क मध्येही गाठीजवळ हेच. म्हणून शोध पूर्ण रेषेवर घ्यायचा नाही. आत्ता जिथवर आलोय तिथून मागे ३ आणि पुढे १२ मिलिमीटर, एवढ्याच खिडकीत शोधायचं.

खिडकी आली की दुसरी अडचण उभी राहते. मूल झपकन बोट ओढतं तेव्हा दोन नोंदींमध्ये बोट २०-३० मिलिमीटर पुढे गेलेलं असतं, खिडकीच्या बाहेर, आणि रंग अडकून पडतो. त्यावर दोन गोष्टी कराव्या लागतात: एका फ्रेममधल्या स्पर्शाच्या नोंदी एकत्र करायची गोडोची सोय बंद करायची, आणि दोन नोंदींच्या मध्ये दर ४ मिलिमीटरला एक काल्पनिक बिंदू धरून तो क्रमाने तपासायचा.

रेषेपासून बोट किती सुटलेलं चालेल? तीन-चार वर्षांसाठी ९ मिलिमीटर, सहा वर्षांसाठी ६. पिक्सेलमध्ये आकडा लिहून ठेवू नये. फोनगणिक तो बदलतो. मिलिमीटर भागिले २५.४ गुणिले डीपीआय (पडद्याच्या एका इंचातले पिक्सेल). २७० डीपीआयच्या पडद्यावर ९ मिलिमीटर म्हणजे ९६ पिक्सेल. फोन सांगतो तो डीपीआय बऱ्याचदा १६०, २४०, ३२० अशा ठरावीक पायऱ्यांतला असतो, म्हणून थोडी ढील ठेवतोच.

लहान मुलं टॅब धरतात तेव्हा डावा अंगठा काचेवर टेकलेला असतो. पहिला स्पर्श खरा मानला तर ॲप अंगठ्याचं ऐकत बसतं. प्रत्येक स्पर्शाला क्रमांक असतो. जो स्पर्श वाटेच्या सुरुवातीच्या ठिपक्याजवळ सुरू झाला त्याचाच क्रमांक धरायचा, बाकीचे सोडून द्यायचे. दिशादर्शक बाण बोटाच्या १२ मिलिमीटर पुढे ठेवायचा, नाहीतर तो बोटाखाली झाकला जातो. डावखुऱ्या मुलाचा हात पुढची वाटच झाकतो. त्यासाठी अक्षर गिरवण्याआधी पूर्ण वाट एकदा चालून दाखवणारं ॲनिमेशन ठेवतो, दीड सेकंदाचं. आणि शिरोरेषा पडद्याच्या कडेपर्यंत नेऊ नये. अँड्रॉइडमध्ये कडेवरून आत सरकवलेलं बोट म्हणजे ‘मागे जा’. मूल शिरोरेषा ओढतं आणि ॲपच बंद होतं. कडेला निदान १५ मिलिमीटर मोकळी जागा हवी.

चित्रं आणि स्वस्त फोन

चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापासून चालत आलेल्या जलरंगाच्या परंपरेमुळे कोल्हापुरात हाताने उत्तम रंगवणारी माणसं मिळतात, आणि हे आमच्या कामाचं मोठं भाग्य आहे. फक्त निसर्गचित्रातला बारकावा अंगठ्याएवढ्या चित्रात हरवतो. म्हणून प्रत्येक चित्र ६४ पिक्सेलला छोटं करून ओळखू येतं का ते बघतो. ऊस इथल्या प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो, पण नुसती कांडी काढली तर ते बांबू म्हणतात. जांभळट पेरं आणि वर वाढं काढलं की ऊस. गुळाची ढेप सुटी काढली तर दगड वाटते. फेटा डोक्यावरच काढावा लागतो, नुसता ठेवला तर कापडाचा बोळा. भोवऱ्याला जाळी म्हणजे दोरी गुंडाळलेली हवी.

फोन घराघरातले जुने असतात, दोन-तीन जीबी रॅमचे. मोठ्यांचा जुना फोनच मुलाच्या हातात येतो. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं चित्रांचं एक पान कॉम्प्रेस न करता स्मृतीत १६ एमबी घेतं, ईटीसी२ या कॉम्प्रेशनमध्ये ४ एमबी. पण जलरंगाच्या हलक्या छटांवर ईटीसी२ चे चौकोनी डाग उठतात. आमचा तोडगा: पार्श्वभूमी निम्म्या आकारात पण कॉम्प्रेस न करता, म्हणजे तिलाही ४ एमबीच लागतात, आणि ठळक कडांची पात्रं ईटीसी२ मध्ये. गोडोत चित्र उमटवायला जुन्या फोनना झेपणारा कंपॅटिबिलिटी रेंडरर निवडतो. व्हल्कन या नव्या ग्राफिक्स पद्धतीवर जुन्या फोनचे ड्रायव्हर दगा देतात. गती सेकंदाला ३० फ्रेमवर बांधतो, फोन तापत नाही.

मुलांसोबतची चाचणी फेब्रुवारीपासून दर पंधरवड्याला. एका वेळी एकच मूल, वीस मिनिटं, पालक मागे बसलेले, आमच्यापैकी कुणी तोंड उघडायचं नाही. पालकांची लेखी संमती घ्यायची आणि फक्त हाताचं चित्रीकरण करायचं, चेहऱ्याचं नाही. प्रश्न विचारून काही कळत नाही, ‘आवडलं?’ म्हटलं की मूल हो म्हणतं. बोट कुठे थांबलं, कोणत्या पडद्यावर मूल आईकडे वळलं, तेवढं लिहून काढायचं. आवाज बंद असलेल्या फोनवरही एक फेरी घ्यायची, कारण घरोघरी आवाज बंद करूनच फोन मुलाला दिलेला असतो.

खातं, नियम, पैसे

गूगलच्या डेव्हलपर खात्याला एकदाच २५ डॉलर, ॲपलच्या खात्याला दर वर्षी ९९ डॉलर. वैयक्तिक गूगल खातं १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं असेल तर ॲप सर्वांसाठी सोडण्याआधी किमान १२ परीक्षकांची बंद (फक्त निवडलेल्या लोकांपुरती) चाचणी सलग १४ दिवस चालवावी लागते. आधी ही अट २० जणांची होती. बारा म्हणून बाराच घेऊ नयेत; दोघं-तिघं दहाव्या दिवशी बाहेर पडतात. अठरा जण घ्यावेत, सगळे मोठ्यांच्या खात्यांवरचे. एप्रिलचा दुसरा आठवडा यासाठी बरा, कारण मे लागला की लोक गावाला जातात.

संस्थेच्या खात्याला ही अट नाही, पण डन्स क्रमांक, म्हणजे व्यवसायाचा जागतिक ओळख क्रमांक, लागतो. तो फुकट मिळतो, वेळ मात्र खातो, आणि नाव-पत्ता कागदागणिक जुळावा लागतो. अडतं ते पत्त्यावर. पॅनवर ‘सेव्हन्थ लेन’, लाइट बिलावर ‘सातवी गल्ली’, भाडेकरारावर ‘लेन नंबर सात’, हे तिन्ही पत्ते तपासणाऱ्या यंत्रणेला वेगळे वाटतात. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) नोंदवतानाच एक स्पेलिंग ठरवून सगळीकडे तेच द्यावं. पैसे घेणाऱ्या डेव्हलपरचा पत्ता स्टोअरवर लोकांना दिसतो, तेव्हा घरचा पत्ता देताना विचार करावा.

मुलांच्या ॲपसाठी गूगलचं फॅमिलीज धोरण लागू होतं: मुलांचा जाहिरात-क्रमांक, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, पाठवायचा नाही, जाहिराती दाखवायच्या तर ठरावीक प्रमाणित पुरवठादारांच्याच. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो, मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती मागतो आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला किंवा त्यांच्याकडे रोखलेल्या जाहिराती दाखवायला मनाई करतो. आम्ही जाहिराती घेतच नाही. मूल पडद्यावर हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर बोट मारतं. त्या बोटातून पैसे काढायला आमचा ठाम विरोध आहे. प्रगती फोनमध्येच साठते, बाहेर काही जात नाही. तरीही स्टोअरवर चढवायचं अंतिम बंडल अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनालायझरमध्ये उघडून परवानग्या बघाव्यात. एखादं प्लगइन जाहिरात-क्रमांकाची परवानगी गुपचूप आत आणतं, आपण ‘माहिती घेत नाही’ असं भरलेलं असतं, आणि ॲप नाकारलं जातं.

पहिली बारा अक्षरं मोफत, उरलेली एकदाच पैसे भरून. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर गूगलचं सेवा शुल्क १५ टक्के. कर त्याशिवाय, आणि तो कुणी कापायचा हे सीएला आधीच विचारून घ्यावं. तांत्रिक बाजूने एक गोष्ट विसरू नये: खरेदी झाल्यावर ॲपने ती पोचल्याची कबुली गूगलला तीन दिवसांत द्यावी लागते, नाहीतर पैसे आपोआप परत जातात. यूपीआयचा व्यवहार रेंगाळला, मुलाने मधेच ॲप बंद केलं, तर कबुली राहून जाते. म्हणून ॲप उघडताना दर वेळी अपुऱ्या राहिलेल्या खरेद्या तपासायच्या.

खरेदीच्या दारावर पालकांसाठी कुलूप हवं. ‘एकोणसत्तर कुठे आहे?’ असं अक्षरी विचारून आकडे दाखवायची कल्पना छान वाटते, पण इंग्रजी माध्यमात शिकलेले आईवडीलही एकोणसाठ-एकोणसत्तरमध्ये अडखळतात. नुसता पाढा विचारला तर तिसरीतली ताई उघडून देते. दोन कोपऱ्यांतली दोन बटणं तीन सेकंद एकत्र दाबायची आणि मग दोन आकडी गुणाकार, हे जास्त टिकतं.

स्टोअरच्या पानावर नाव ३० अक्षरांत, छोटं वर्णन ८० मध्ये. मराठीत वेलांटी, काना, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात, त्यामुळे ‘अक्षर गिरवूया’ हे दिसायला सात अक्षरांचं नाव मधल्या मोकळ्या जागेसकट मोजणीत तेरा भरतं.

पाणी आणि पुढचं वर्ष

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराचे सखल भाग पाण्याखाली गेले आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. आपल्या खोल्या उंचावर असल्या तरी वीज आणि इंटरनेट जातंच. जुलै-ऑगस्टमध्ये मोठी आवृत्ती सोडत नाही. सोडलीच तर आधी ५ टक्के लोकांना, दोन दिवसांनी २०, मग सर्वांना, म्हणजे मधेच लाइन गेली तरी बिघाड थोड्यांपुरता राहतो. मूळ चित्रं, कच्चं रेकॉर्डिंग आणि ॲपवर डिजिटल सही करायची किल्ली यांच्या तीन प्रती: एक इथे, एक क्लाउडवर, एक जिल्ह्याबाहेर कुणाच्या तरी घरी हार्ड डिस्कवर. किल्ली आणि तिचा पासवर्ड एकाच जागी ठेवत नाही.

ॲप सोडलं की संपलं असं होत नाही. गूगल दर ऑगस्टअखेर नव्या ॲपसाठी आणि अपडेटसाठी ॲप अँड्रॉइडच्या निदान कोणत्या पातळीला धरून बांधायचं ती पातळी वाढवतं; ३१ ऑगस्ट २०२५ पासून ती एपीआय ३५ झाली, आणि बिलिंगची लायब्ररीही सातव्या आवृत्तीची किंवा पुढची हवी झाली. एकही अक्षर बदललं नाही तरी दर वर्षी इंजिन वर न्यावं लागतं आणि पुन्हा बांधावं लागतं. त्यासाठी जूनचा शेवटचा आठवडा राखून ठेवतो, पावसाचा जोर वाढायच्या आत. जुन्या इंजिनची प्रत तशीच जपून ठेवायची आणि नवीन बांधणी सर्वांत जुन्या दोन जीबीच्या फोनवर टाकायची. मग ‘किल्ला’ आणि ‘दुसऱ्या’ हे दोन शब्द उघडून बघायचे, फोनची भाषा इंग्रजी करून ल आणि श बघायचे, ‘च’ वर बोट ठेवून चाक आणि चिमणी दोन्ही ऐकायचे, आणि ळ एकदा सावकाश, एकदा झपकन गिरवायचा.